खंडूअण्णांनी आधी कुणाचं केलं

मंठाळच्या मराठी शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मला शिकवण्यापेक्षा बसची काळजी जास्त होती. राहायला मी बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. आमच्याकडे त्याला नुसतं कल्याण म्हणतात. सकाळी आठला कोहिनूर गावाला जाणारी सरकारी लाल गाडी मंठाळवरून जायची. ती चुकली की मग टमटम, आणि टमटममध्ये मांडीवर कुणाची तरी कोंबडी. त्या आठच्या गाडीचे कंडक्टर खंडप्पा. सगळी लाईन त्यांना खंडूअण्णा म्हणायची.

पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला गेले तर तिथं एक म्हातारा होता. डोक्याला लाल पटका आणि भर जूनच्या उकाड्यात खांद्यावर घोंगडी. खंडूअण्णा आले, स्वतःच्या शर्टाच्या खिशातून पैसे काढून त्यांनी ते चामड्याच्या बॅगेत टाकले, तिकीट फाडलं आणि म्हाताऱ्याच्या मुठीत देऊन मूठ मिटवली.

"अप्पा, टाकू नको. हातात धर."

म्हातारा त्यांचा बाप होता. मल्लप्पा. तो रोज असायचा. जाताना असायचा, येताना असायचा, दुपारच्या खेपेलाही असायचा आणि प्रत्येक खेपेला त्याचं पुरं तिकीट निघायचं. ओळख झाल्यावर मी एकदा विचारलं, "अण्णा, बापाचं तिकीट कामून काढता? सगळ्या लाईनला माहीत आहे."

"बाई, चेकिंगवाल्याला बाप दिसत न्हाई. बिगरतिकिटाचा माणूस दिसतो."

एवढंच बोलून ते मागं गेले. त्यांचं बोलणं तसं तुटक. आवाज मात्र मोठा. "मुंदे होग्री, आगे सरको, पुढं व्हा," असं एका दमात तीन भाषांत म्हणायचे, आणि कुणी जागा नाही म्हणून कुरकुरलं की म्हणायचे, "जागा हाय. मान्सानं सरकायला पायजे." सुट्टे पैसे कुणाचे राहिले तर तिकिटाच्या मागं लिहून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी माणूस विसरला तरी त्याला गाठून परत करायचे. हसताना मी त्यांना क्वचित पाहिलं. उंच, काळेसावळे, गुडघ्यात किंचित वाकलेले. वीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तसे झाले असावेत.

बापाला गाडीत आणण्याचं कारण मला हळूहळू कळलं. मल्लप्पा मेंढपाळ. उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन तेलंगणाकडं उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. पुढं गायरानं संपली, शेतकऱ्यांनी ऊस लावला, कुंपणं घातली. एकुलत्या एका पोराला मेंढरांमागं लावायचं नाही म्हणून मल्लप्पानं कळप विकला आणि त्याला दहावीपर्यंत शिकवलं. त्यावर खंडूअण्णांना ही नोकरी लागली. आता म्हाताऱ्याची आठवण गेली होती. घरातून निघायचा तो चालतच राहायचा. एकदा हुमनाबादच्या रस्त्याला सापडला, एकदा विहिरीच्या काठावर. घरात थांबायला कुणी नव्हतं. खंडूअण्णांची बायको शांताबाई अंगणवाडीत मदतनीस होती. मुलगी रेणुका कॉलेजात, मुलगा महेश शाळेत. आणि आई, म्हणजे माय, सत्तरीच्या पुढची असून रोज निंदायला, खुरपायला रोजानं जायची. तिची मजुरीही त्या घराला लागत होती.

"माणूस ठेवायचा म्हणलं तर शांताचा पगार त्यालाच जातोय," अण्णा म्हणाले होते. "त्यापरीस तिकीट सस्त पडतंय. अन् बाप डोळ्याम्होरं ऱ्हातोय."

म्हातारा गाडीत कुणाला त्रास देत नसे. त्याला एकच सवय होती. प्रत्येक थांब्याला गाडी निघाली की तो मान वळवून माणसं मोजायचा. मेंढरं मोजतात तशी, जोडीनं. "येक जोडी, दोन जोडी..." बोट हलवायचं, ओठ हलायचे. पोराचं नाव त्याला आठवत नव्हतं, पण मोजणी चुकत नव्हती. एकदा मधल्या माळावर चेकिंगची जीप आडवी आली. दोन साहेब चढले. एक पुढून मोजत आला, दुसरा मागच्या सीटवर टेकून लोकांची तिकिटं बघायला लागला. पुढच्यानं कानडीत सांगितलं, माणसं चव्वेचाळीस आहेत आणि तिकिटं त्रेचाळीसच फाटलीत. अण्णांचा चेहरा उतरला. एक तिकीट कमी म्हणजे मेमो, मेमो म्हणजे पगारवाढ बंद. त्यांनी पुन्हा मोजलं. घाबरलेला माणूस मोजतो तसं मोजलं आणि त्यांचेही चव्वेचाळीस आले.

म्हातारा बोट नाचवत होता. "त्ये टोपीवालं आपलं न्हवं," तो म्हणाला. "त्ये दुसऱ्या कळपातलं हाय."

मागच्या सीटवर बसलेल्या टोपीवाल्या साहेबालाच दोघांनी मोजलं होतं. सगळी गाडी हसली. साहेबही हसले आणि उतरले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी बापाच्या पटक्याचं सुटलेलं टोक खोचलं आणि घंटीची दोरी ओढली.

मंठाळला गाडी पंधरा मिनिटं थांबायची. शाळेला वेळ असायचा. स्टँडसमोरच्या हॉटेलात अण्णा बापाला बशीतून चहा पाजायचे आणि मी गणिताची बाई म्हणून कधीमधी मला काही विचारायचे. डेपोत विम्याचा एक एजंट येऊन गेला होता. त्यानं सगळ्यांना फळ्यावर चित्र काढून दाखवलं, की माणसानं आयुष्याचं नियोजन कसं करावं. आधी मुलांचं शिक्षण, मग लग्नं, मग आईवडलांची दुखणी, मग आपलं म्हातारपण. एकामागून एक, पायऱ्यांसारखं.

"मी इचारलं त्येला," अण्णा म्हणाले. "सायब, दोनी येकाच साली आले तर?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणला, तसं सहसा होत न्हाई."

तरीही त्या माणसाचं बोलणं त्यांच्या मनात बसलं होतं. कॅलेंडरच्या पानामागं त्यांनी घरातल्या सगळ्यांची वयं लिहून आणली होती. रेणुकाला नर्सिंगला घालायचं. चार वर्षांत ती कमवायला लागेल. तेव्हा महेशचं शिक्षण सुरू होईल. मग दोघं हाताशी आल्यावर माय-अप्पाचं जे व्हायचं ते व्हावं. हुमनाबाद रोडला त्यांनी हप्त्यानं एक छोटा प्लॉट घेतला होता, तो रेणुकाच्या कॉलेजसाठी. बापाचं आजारपण आधीच येऊन बसलं होतं, त्याची सोय त्यांनी गाडीत केली होती. पण त्या पानावर एक गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती. माय अजून दहा वर्षं चालती-फिरती राहील. मी पान वाचलं आणि बरोबर आहे म्हणून परत दिलं. मलाही त्यात चूक दिसली नाही. मायला मी पाहिलं होतं. काटक, उभी, कमरेला पदर खोचून रस्त्यानं चालली की पोरीबाळी मागं पडायच्या. ती मेंढरांमागं तेलंगणापर्यंत चाललेली बाई होती.

रेणुका बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. गुलबर्ग्याच्या एका खाजगी कॉलेजात तिला नर्सिंगची सीट मिळाली. अण्णांनी प्लॉट विकला. हातात चाळीस हजार आले. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून बत्तीस भरायचे होते. शेवटची तारीख आठवड्यावर होती तेव्हा माय उसाच्या बांधावरून घसरली.

खुब्याचं हाड मोडलं. गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनला पैसे पडणार नाहीत, पण खुब्यात बसवायचा स्टीलचा गोळा आणि बाकी सामान बाहेरून आणावं लागेल. तीस-पस्तीस हजारांपर्यंत जाईल. आठ-दहा दिवसांत केलं तर म्हातारी चालेल. नाहीतर अंथरुणात.

चौथ्या दिवशी अण्णा ड्युटीवर आले. रजा संपली होती. मंठाळच्या हॉटेलात त्यांनी बापाला बसवलं, माझ्यासमोर बसले आणि चहा सांगायचा विसरले.

"बाई, तुमी सांगा."

मी विचारलं, सोसायटीचं कर्ज? ते आधीच काढलेलं, अप्पाच्या दवाखान्याला आणि रेणुकाच्या क्लासला. फंडातली उचल? ती घराच्या पत्र्याला गेली. पगारातून कापून हातात येतो तो अर्धा. वर आणखी व्याजानं काढले तर महेशला शाळेतून काढून कुठल्यातरी गॅरेजात घालावं लागेल. सगळं त्यांनी आधीच मनात फिरवून पाहिलं होतं. मला फक्त शेवटचं विचारत होते.

आमच्या घरात शिकलेली पहिली मी. बाबासाहेबांच्या मागं धर्म बदललेल्या घरात जन्मले आणि शिक्षणाच्या आड काही येऊ द्यायचं नाही हे दुधाबरोबर प्यायले. मी म्हणाले, "अण्णा, रेणुकाची सीट गेली की गेली. पुढच्या वर्षी मिळंलच असं नाही. पोरगी घरात बसली की लोक स्थळं आणतील."

"अन् माय?"

मी काहीतरी बोलले. या वयात ऑपरेशन सोसेल का, पायाला नुसतं वजन बांधूनही हाडं जुळतात, असलं काहीतरी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मान हलवली. गाडीची वेळ झाली. त्यांनी बापाला हात धरून उठवलं आणि रस्ता ओलांडताना एरवी दोन्ही बाजूंना बघायचे, तसं त्या दिवशी बघितलं नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं शिवी घातली.

त्याच आठवड्यात फी भरली गेली. मायला टेम्पोत गादी घालून घरी आणलं. अण्णांनी घरात, गल्लीत, गाडीत सगळ्यांना एकच सांगितलं, "डाक्तर म्हणले, वय झालंय, आप्रेशन नको." रेणुकालाही तेच सांगितलं. ती रडली आणि हॉस्टेलला गेली.

हे खोटं आहे हे मला माहीत होतं आणि अण्णांना माहीत होतं. तिसऱ्या माणसाचा अण्णांना अंदाज नव्हता. माय म्हणजे मेंढपाळाची बायको, तेलंगणापासून आळंदपर्यंत वस्त्यांवर राहिलेली. डॉक्टर वॉर्डात तिच्या उशाशी उभे राहून अण्णांशी कानडीत बोलले होते. ती डोळे मिटून पडली होती, पण तिला मराठीइतकंच कानडी येत होतं. टेम्पो दारात थांबला, चौघांनी गादी उचलली, तेव्हा ती म्हणाली, "डाक्तर काय म्हणला ते मला कळ्ळंय, खंड्या."

त्यानंतर ती मुलाशी बोलली नाही.

आठ महिने ती जिवंत होती. पायाला दोरी बांधून, दोरी पलंगाच्या दांड्यावरून घेऊन खाली विटा लटकवल्या होत्या. शांताबाईनं अंगणवाडी सोडली. तिची जागा लगेच दुसरीला मिळाली. अण्णा ड्युटीवरून आले की मायच्या पायथ्याशी बसायचे. ती भिंतीकडं तोंड करायची. "माय, पाणी देऊ?" तर उत्तर नाही. ते उठून गेले की ती सुनेकडं पाणी मागायची. नवऱ्याशी मात्र बोलायची, ज्याला ती कोण हे कळत नव्हतं. मल्लप्पा तिच्या उशाशी बसून विटा मोजायचा आणि ती त्याला म्हणायची, "मोजा, मोजा. तेवढंच येतंय तुमास्नी."

मी दोनदा भेटायला गेले. पाठीला जखमा झाल्या होत्या. खोलीत फिनेलचा आणि दुसराही वास होता. माझा हात धरून तिनं शाळेचं विचारलं, पोरं किती आहेत विचारलं. माझ्या वाट्याचं तिला ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही. थंडी सरता सरता ती गेली.

दहाव्याच्या दिवशी शांताबाईनं मला चुलीजवळ बसवून जे सांगितलं ते ती नवऱ्यालाही सांगून बसली होती. सांगायला नको होतं असं तिला वाटत होतं. शेवटच्या दिवसांत म्हातारी तिला म्हणाली होती, "माज्या पायाच्या पैशावर पोरगी शिकायली. शिकू दे. पर खंड्यानं मला इचारायला पायजे होतं, गं. मी व्हय म्हणले असते."

अण्णा त्या दिवशी अंगणात पाहुण्यांच्या पत्रावळी उचलत होते. एकावर एक ठेवत होते, नीट, कडा जुळवून.

पुढं डेपोत फिरवाफिरवी झाली आणि त्यांना हैदराबादच्या लाईनला टाकलं. शांताबाई आता सासूच्या जागी रोजानं निंदायला जायला लागली होती, म्हणून बाप पुन्हा गाडीत. कोहिनूरच्या लाईनला सगळे ओळखीचे, हैदराबादच्या लाईनला सगळे अनोळखी. मन्नाएखेळ्ळीला गाडी चहाला दहा मिनिटं थांबायची. एके दिवशी तिथं गर्दी चढली, अण्णा तिकिटं फाडत मागपर्यंत गेले, परत पुढं येईपर्यंत गाडी पाच-सहा किलोमीटर गेली होती. ड्रायव्हरच्या मागच्या, बापाच्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती.

हे मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. अण्णांनी घंटी मारली, गाडी थांबली. माणसं ओरडायला लागली. कुणाची रेल्वे होती, कुणाची पोरगी दवाखान्यात होती. गाडी मागं फिरवता येत नव्हती. अण्णा एकटे उतरले असते तर डेपोच्या पैशांची बॅग आणि भरलेली गाडी सोडून गेले म्हणून घरी बसवले असते, आणि रेणुकाचं तिसरं वर्ष सुरू होतं. ते पायरीवर उभे राहिले. एक पाय खाली, एक वर. मग त्यांनी पाय वर घेतला.

"चल," ते ड्रायव्हरला म्हणाले.

जहीराबादला गाडी थांबल्यावर त्यांनी एका दुकानातून मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलला फोन लावला. लागला नाही. संध्याकाळी परतीच्या खेपेला गाडी थांबायच्या आधीच त्यांनी उडी मारली. बाप हॉटेलासमोर होता. हॉटेलवाल्यानं त्याच्या कमरेला कासरा बांधून तो बाकाच्या पायाला अडकवला होता.

"माफ करो भाई," हॉटेलवाला म्हणाला. "चार दफा रोडपर गये. ट्रकां कैसे जाते देखरें ना."

अण्णांनी गाठ सोडली. बापाच्या मांडीवर बिस्किटाचा पुडा होता. त्यांनी हॉटेलवाल्याचे हात धरले, चहाबिस्किटाचे पैसे दिले. तो घेत नव्हता, तरी दिले. गाडीत त्यांनी बापाला खिडकीशी बसवलं. म्हातारा वाटेत एकदाच बोलला, "माजी बायकू कुठाय?" रोज विचारायचा. अण्णा रोजच्यासारखं म्हणाले, "घरी हाय, अप्पा."

त्यानंतर मल्लप्पा गाडीत दिसला नाही. शांताबाई कामाला जाताना जुन्या लुगड्याचा पट्टा त्याच्या कमरेला घालून दारातल्या लिंबाला बांधायची. पाणी, भाकरी हाताशी. शेजारची बाई लक्ष ठेवायची. गल्लीतून जाणारे बोलायचे, पोरगं सरकारी नोकर आणि बाप जनावरासारखा बांधलेला. अण्णांच्या कानावर जायचं. वर्षभरानं, शेजारीण पाणी भरायला गेली असताना, म्हातारा लिंबाला टेकून बसल्या बसल्या गेला.

रेणुका तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. आजोबाच्या मातीला आली आणि परत जाताना कल्याणच्या स्टँडवर मला भेटली. खरं म्हणजे मला शोधतच आली होती.

"बाई, एक विचारू? हाडांच्या वॉर्डात माझी सहा आठवडे पोस्टिंग होती. ऐंशी वर्षांच्या बायका ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी उभ्या राहतात. मी स्वतः उभ्या केल्यात." ती एकेक शब्द तोलून बोलत होती. "आजीला डॉक्टर खरंच नको म्हणले होते का?"

मी खोटं बोलू शकले असते. बसचा आवाज होता, गर्दी होती, ऐकू आलं नाही असंही करता आलं असतं. मी सांगितलं. कुठल्या हॉटेलात, कुठल्या बाकावर, मी काय म्हणाले, तेही सांगितलं.

"म्हणजे माझी फी," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मला एक शब्द विचारला असता. मी एक वर्ष थांबले असते." गुलबर्ग्याची गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली आणि माझ्याकडं बघितलं नाही.

बापाशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं शांताबाई म्हणायची. पास झाली, हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली आणि दर महिन्याला आईच्या खात्यावर पैसे पाठवायला लागली. तिच्या पैशांवर महेश शिकला, पुण्याच्या एका कारखान्यात गेला. घरावर स्लॅब पडला. कॅलेंडरच्या पानामागं लिहिलेलं सगळं थोडंफार तसंच झालं. ती मात्र दिवाळीला येत नव्हती. ड्युटी असते म्हणायची. फोन आला तर आईशी बोलायची आणि शांताबाईनं "बापाशी बोल की" म्हणून फोन पुढं केला की तो कट व्हायचा. अण्णा फोनसाठी पुढं केलेला हात मागं घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर ते अगदीच गप्प झाले. मी एकदा म्हणाले, "अण्णा, हैदराबादला जाऊन या पोरीकडं." तर म्हणाले, "तिनं बोलावल्याबिगर कसं जाऊ, बाई?" आणि थोड्या वेळानं, "मी बी तिच्या जागी असतो तर बोलावलं नसतं."

दोन वर्षांनी, पाऊस नुकताच उघडला होता, ते आपल्याच अंगणात शेवाळावरून घसरले. डावा खुबा.

शांताबाईनं घाबरून मला फोन केला आणि मी रेणुकाला. तिनं नर्ससारखे प्रश्न विचारले. पाय बाहेर वळलाय का, आखूड दिसतोय का, शुद्धीत आहेत का. "हलवू नका. मी येते," म्हणाली आणि त्याच दुपारी अँब्युलन्स घेऊन दारात उभी राहिली. चार-पाच वर्षांनी ती त्या घरात पाऊल टाकत होती. अण्णांनी तिला बघितलं आणि एकदम बोलायला लागले. मला कुठं न्यायचं न्हाई, मी इथंच पडून ऱ्हातो, वजनं बांधा, माझं वय झालंय, तुझं लग्न व्हायचंय, तुझे पैसे तिथं घालू नको.

रेणुकानं त्यांच्या दंडात सुई खुपसली. "आई, त्यांचं ओळखपत्र दे," एवढंच म्हणाली.

तिनं त्यांना हैदराबादला आपल्याच हॉस्पिटलात नेलं, रजा काढली, जमवलेले पैसे भरले, कागदांवर स्वतः सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी तिनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं. शांताबाई सांगत होती, दोन आठवडे तिनं बापाला अंघोळ घातली, भरवलं, शौचाला नेलं, आणि कामापलीकडचा एक शब्द बोलली नाही. घरी सोडायला आली तेव्हा आईला गोळ्या समजावून सांगितल्या आणि त्याच अँब्युलन्समधून परत गेली.

मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. माझी बदली बीदरकडं झाली होती, निरोप घ्यायला त्यांच्या घराकडं निघाले होते. सकाळची वेळ. गल्लीच्या तोंडाशी, मंठाळच्या रस्त्याला ते काठी घेऊन चालत होते. एकटे. पाय थोडा ओढत होते, पण चालत होते. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

"अण्णा! चालायलात की तुमी!"

ते थांबले. माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर मला वाटलं होतं तसलं काही नव्हतं.

"पाचव्या दिवशी उभं केलं, बाई," ते म्हणाले. "पाचव्या. मला वाटलं व्हतं लई दुखतंय, लई दिवस लागतंय. काईच न्हाई." काठी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "म्या आठ म्हयने रोज मायला म्हणत व्हतो, आप्रेशन केलं असतं तरी चालता आलं नसतं तुला. रोज म्हणत व्हतो. ती तिकडं तोंड करून ऐकायची."

त्या हॉटेलातल्या बाकावर मीही असलंच काहीतरी म्हणाले होते.

"रेणुका येती का?" मी विचारलं.

"पैसे येत्यात." मग म्हणाले, "मला इचारलं न्हाई तिनं. इचारलं असतं तर म्या नको म्हणलो असतो. म्हणून इचारलं न्हाई, का म्या मायला इचारलं नव्हतं म्हणून, ते काई कळंना."

मागून आठची गाडी आली. ड्रायव्हर जुना होता. त्यानं त्यांना बघून गाडी थांबवली, खिडकीतून हात काढून म्हणाला, "अण्णा, चढा. कुठं सोडू?" दार उघडं होतं. आतली माणसं सरकून जागा करत होती.

"चालतच जातो," म्हणत अण्णांनी काठी वर करून त्याला पुढं जायची खूण केली. गाडी थोडा वेळ थांबून राहिली, मग गेली. तिच्या धुळीतून ते सरळ पुढं चालत राहिले, माळाकडं, एकेक पाऊल टाकत. त्यांना कुठं जायचं होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही मागं वळून पाहिलं नाही.